अप्पांची पेटी आणि एलिनॉर झेलियट

मा. संपादक,
सप्रेम जय भीम.

यंदाच्या जयंतीला आपण काढलेली पुरवणी मी दोनदा वाचली आणि घडी घालून ठेवून दिली. तिच्या चौथ्या पानावर बाबासाहेबांविषयी ज्यांनी आयुष्यभर लिहिलं त्यांची एक चौकट आहे. चांगदेव खैरमोडे आहेत, धनंजय कीर आहेत, वसंत मून आहेत. बाबासाहेबांच्या चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या अमेरिकन अभ्यासक एलिनॉर झेलियट नाहीत. एका पानात किती नावं मावणार, हे मला कळतं. पण येत्या 7 ऑक्टोबरला झेलियटबाईंच्या जन्माला शंभर वर्षं होतात, आणि त्यांच्याविषयी चार शब्द लिहायचे माझ्याकडून फार दिवस राहून गेले आहेत, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण शेवटची विनंती तेवढी ठेवा.

मी इथल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं नोकरी केली. सुरुवात पुस्तकं पुसून कपाटात लावण्यापासून झाली, निवृत्त झाले तेव्हा सहायक ग्रंथपाल होते. आमचे अप्पा, म्हणजे वडील, नरसिंग गिरजी मिलच्या रिंग खात्यात, सूत कातण्याच्या कामावर होते. आम्ही बुधवार पेठेतले. घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली.

1993 साली नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात 'फ्रॉम अनटचेबल टू दलित' आलं. दाखल नोंदवहीत क्रमांक टाकायचा, शिक्का मारायचा, पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, एवढंच माझं काम. लेखिकेचं नाव परदेशी दिसलं म्हणून कुतूहलानं पान उलटलं, तर खाली तळटिपांत नागपूर, पुणे, नाशिक, मुंबई. मोठ्या माणसांच्या मुलाखती होत्याच, पण हस्तपत्रकं, जलशांची पदं, वस्तीत निघणारी चार पानांची मासिकं, असल्या गोष्टीही पुरावा म्हणून मांडलेल्या. आमच्याकडे असले कागद पोळीच्या डब्यात तळाला घालत. पुस्तक त्या संध्याकाळी घरी नेलं. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं. शब्दकोश शेजारी ठेवून रोज तीन पानं, असं पाऊण वर्ष चाललं.

त्यांचा जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, 1926 सालचा. क्वेकर पंथाच्या. हे लोक युद्ध मानत नाहीत, प्रत्येक माणसात एक उजेड असतो असं मानतात, आणि प्रार्थनेला एकत्र जमून बराच वेळ गप्प बसतात. बाईंनी आपला पीएच.डी.चा प्रबंध पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला 1969 साली दिला, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. विषय होता डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ. मग मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावी कार्लटन कॉलेजात 1997 पर्यंत इतिहास शिकवला. भारताबरोबर व्हिएतनाम आणि आग्नेय आशियाही त्यांच्या शिकवण्यात असे. पण पाय सारखे महाराष्ट्राकडे वळायचे. स्वतः यायच्या, आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुण्यात येऊन राहायच्या. जून 2016 मध्ये त्या गेल्या तेव्हा नव्वदीला थोडे महिने कमी होते. आणि तो जुना प्रबंध 'आंबेडकर्स वर्ल्ड' या नावानं 2013 साली नव्यानं छापून आला, तेव्हा बाईंनी पंच्याऐंशी ओलांडली होती. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं काम, आणि तरुण अभ्यासक आजही तिथूनच सुरुवात करतात.

आज बाबासाहेबांवर रोज एक पुस्तक निघतं म्हटलं तरी चालेल. साठच्या दशकात तसं नव्हतं. कीरांचं इंग्रजी चरित्र 1954 चं, खैरमोड्यांचा पहिला खंड 1952 चा, आणि सरकारनं बाबासाहेबांचं लेखन छापायला घेतलं ते 1979 साली, वसंत मून यांच्या संपादनाखाली. त्याच्या कितीतरी आधी ही बाई महाराष्ट्रात फिरून बाबासाहेबांबरोबर काम केलेल्या माणसांना विचारत होती, तुम्ही काय केलंत? तुमच्या हातात काय होतं? बाबासाहेबांच्या मोठेपणाविषयी विचारणारे पुष्कळ असतात. त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या हजारो माणसांविषयी विचारणारे तेव्हा थोडे होते.

त्यांच्या लिखाणातली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. चळवळ बाबासाहेबांपासून सुरू झाली असं त्या म्हणत नाहीत. त्या मागे जातात. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर, महारांची लष्करभरती बंद झाल्यावर त्यांनी केलेले अर्ज, पुण्याचे शिवराम जानबा कांबळे आणि त्यांचं 'सोमवंशीय मित्र' हे नियतकालिक, नागपूरकडचे किसन फागोजी बनसोडे. आणि त्याहून मागे, जमिनीशी. महाराला वतन होतं, गावकी होती, वेसकरकी म्हणजे वेशीची राखण होती, पण सुताराचा वाकस किंवा कुंभाराचं चाक यासारखा हातचा धंदा नव्हता. म्हणून नवी कामं निघाली तेव्हा हा माणूस आधी गाव सोडून बाहेर पडला. फौज, रेल्वे, गोदी, गिरणी. ज्या गोष्टीनं त्याला गावात सर्वांत खाली ठेवलं, तिनंच त्याला गावाबाहेरची वाट दाखवली.

हे वाचलं आणि आमचे अप्पा आठवले. ते रिंग खात्यात का, साळखात्यात म्हणजे विणकामाच्या खात्यात का नाहीत, हे मी लहानपणी एकदा विचारलं होतं. साळखात्यात पगार जास्त, हे शाळेतल्या मैत्रिणींच्या घरांवरून कळायचं. अप्पा म्हणाले होते, "तिथं धोटा तोंडाला लावावा लागायचा." एवढंच. पुढं मला कळलं, की कांडी बदलताना धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि आमच्या माणसानं तोंड लावलेला धोटा दुसरा विणकर हाती धरीत नसे. 1928 च्या मुंबईतल्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. अप्पांच्या काळी नियम म्हणून काही उरलं नसेल, पण खातं ठरून गेलेलं होतं. त्यांच्या एका वाक्यामागे एवढा मोठा इतिहास आहे, हे मला कळायला पाऊण वर्ष इंग्रजी वाचावं लागलं.

आता आजीविषयी लिहिते, कारण झेलियटबाईंचं ऋण मला तिच्याच बाजूनं जास्त आहे.

अप्पांची आई मंगळवेढ्याची. चोखोबांचं गाव म्हणून ती ते अभिमानानं सांगायची. गावकुसाचं बांधकाम चाललं होतं, भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर ढिगाऱ्याखाली गेले. नामदेवांनी हाडं कानाला लावली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला नेली. ही कथा ती सांगायची तेव्हा भिंतीखाली गेलेल्या बाकीच्या मजुरांपाशी थांबायची. "त्यांची हाडं कुणी नेली गं?" असं मलाच विचारायची. ती दर आषाढीला पायी पंढरपूरला जायची. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी, तिथून नामदेव पायरी, आणि तिथून परत. 1947 साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर मंदिर खुलं झालं, तरी आत जायला तिचं पाऊल उचललं नाही. सवय मोडत नव्हती की मन होत नव्हतं, ते तिचं तिला माहीत.

1956 च्या ऑक्टोबरात अप्पा नागपूरला दीक्षा घेऊन आले. घरात बावीस प्रतिज्ञा वाचल्या गेल्या. अप्पांनी आईला सांगितलं, माळ काढ. त्यावरून घरात तीन दिवस चूल नीट पेटली नाही, असं आई सांगायची. शेवटी आजीनं माळ काढली. ती टाकली नाही, कुणाला दिली नाही. ज्वारीच्या डब्यात तळाला ठेवली आणि वर ज्वारी ओतली. ती वारली तेव्हा डबा रिकामा करताना माळ निघाली, मण्यांना पिठाची पांढरी पूड चढलेली. अप्पा ती हातात घेऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिले होते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी शिकले सवरले तशी मला आजीची लाज वाटू लागली. भोळी, देवभोळी, गुलामीची सवय लागलेली. असंच आम्ही तरुण पोरं सभांमधून बोलायचो. मग झेलियटबाईंचा चोखामेळा आणि एकनाथ यांच्यावरचा लेख वाचला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा आहे: हे दोन संत आजच्या बदलाला काही आधार देऊ शकतात का? चोखोबांच्या अभंगांतलं दुःख त्या ऐकतात, त्यांतला सवालही ऐकतात. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा, अख्ख्या घराचा आवाज त्या ऐकतात. आणि त्याच लेखात सांगतात की आंबेडकरी पिढीनं चोखोबांना मागे का ठेवलं. दोन्ही बाजूंचं पुरतं ऐकून घेतलेलं. आजीची कीव नाही आणि अप्पांच्या रागाला नावं ठेवणं नाही.

बाबासाहेबांनीही काही चोखोबांना टाकलं नव्हतं. 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाची अर्पणपत्रिका पाहा, नंदनार, रविदास आणि चोखामेळा अशी तीन नावं आहेत. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा सोपवली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडेच. अप्पांना हे सांगायचं राहिलं. ते 1987 लाच गेले.

एकनाथांच्या भारुडांवरही बाईंनी लिहिलं. 'जोहार मायबाप' म्हणत एक ब्राह्मण संत महाराच्या तोंडून का बोलतो, हे पैठणपासून इतक्या दूर वाढलेल्या बाईला विचारावंसं वाटलं. आमच्याकडे भारूड म्हटलं की हसू येतं, टाळ्या पडतात, आणि विषय संपतो.

1998 साली मी झेलियटबाईंना पत्र लिहिलं. चार पानं, इंग्रजीतून. आजीची माळ, ज्वारीचा डबा, धोटा, सगळं लिहिलं. कार्लटन कॉलेजचा पत्ता पुस्तकातून घेतला, विमानाचं पाकीट आणलं. मग इंग्रजी चुकलं असेल या भीतीनं आठ दिवस पाकीट पर्समध्ये फिरवलं आणि शेवटी टाकलंच नाही. ज्या बाईंनी दलित कवींच्या मराठी ओळी मराठी मित्रांबरोबर बसून, एकेक शब्द विचारून इंग्रजीत नेल्या, त्यांना माझ्या व्याकरणाचं काय पडलं असतं? हे मला आज कळतं. पत्र अजून आहे. बाई नाहीत.

त्याहून मोठी चूक वेगळी आहे, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे.

अप्पांची एक पत्र्याची पेटी होती. हिरव्या रंगाची, कडी मोडलेली, सुतळीनं बांधलेली. तीत त्यांचे कागद असत. बाबासाहेबांच्या 'जनता' पत्राचे अंक, पुढच्या 'प्रबुद्ध भारत'चे काही, समता सैनिक दलाच्या पावत्या, जलशांची पदं स्वतःच्या अक्षरात उतरवलेली एक वही, गिरणीतल्या संपाची पत्रकं मराठीत, तेलुगूत आणि कानडीत, कारण सोलापूरच्या गिरणीत एका भाषेत पत्रक काढून भागतच नसे. अप्पा गेल्यावर त्या वर्षी दिवाळीच्या आधी घराला चुना द्यायचा होता. पेटी मी स्वतः रद्दीवाल्याच्या तराजूत रिकामी केली. साडेचार किलो भरले. ग्रंथालयात नोकरी करणारी बाई, हातात दिवसभर दाखल नोंदवही, आणि स्वतःच्या बापाचे कागद मी विकून टाकले. सहा वर्षांनी झेलियटबाईंच्या तळटिपा वाचताना, 'हस्तपत्रक', 'खासगी संग्रह', 'मुलाखत' असे शब्द एकेक करून शब्दकोशात शोधताना मला कळलं, मी त्या दिवशी काय विकलं.

एकच कागद उरला. बाबासाहेबांच्या फोटोची चौकट सैल झाली होती म्हणून अप्पांनी मागच्या पुठ्ठ्यात एक पत्रक घडी करून खोचलं होतं. काच फुटली तेव्हा ते सापडलं. गुलाबी कागद, हातभर लांब, घडीवर चिरलेला. आंबेडकरी जलशाचं आमंत्रण. वेळ रात्री नऊ, 'बसण्याची सोय ज्याची त्याने करावी', आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र जागा. तारखेचा कोपरा नेमका फाटलेला. छापखान्याचं नाव अर्धं दिसतं.

आपल्या गावाला अशा कागदांची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं 1924 साली कामाला सुरुवात केली आणि जानेवारी 1925 मध्ये वसतिगृह काढलं ते सोलापुरात. म्हणजे गेल्या वर्षी त्याला शंभर वर्षं झाली. डॉ. मुळे यांनी त्या काळात जी साथ दिली, तिच्याबद्दल बाबासाहेबांनी जानेवारी 1946 मध्ये इथल्या नगरपालिकेच्या मानपत्राला उत्तर देताना कृतज्ञतेनं बोलून दाखवलं. सभेच्या आधारानं विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं होतं. 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे जिवाप्पा ऐदाळे इथून कायदेमंडळात गेले. हे सगळं छापील चरित्रांत आहे, पण एकेका ओळीत. त्या वसतिगृहात जेवायला काय असे, कोण कुठल्या गावाहून आलं, मासिक कुणी लिहिलं, कुणी घरोघर वाटलं, ऐदाळ्यांच्या प्रचाराला सायकली कुणाच्या होत्या, ते त्या ओळीत नाही. ते कुणाच्या तरी माळ्यावर आहे, नाहीतर एखाद्या नव्वदीच्या आजोबांच्या आठवणीत आहे. 'सरस्वती विलास'चा एक अंक जरी या शहरात कुठं निघाला, तरी मी चपला न घालता बघायला येईन.

आणि एवढ्यावरच थांबू नये. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथं डांबलं, त्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात जन्मलेली माणसं आहेत. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत हातमागाच्या जुन्या वह्या आहेत. विडी वळणाऱ्या बायकांच्या मोर्चांचे फोटो आहेत. झेलियटबाईंनी एका समाजाचा अभ्यास केला, पण त्यांची रीत सगळ्यांना उपयोगी आहे. माणसाच्या दारात जा, बसा, विचारा, गप्प राहून ऐका, आणि त्याच्याकडचा कागद दोन्ही हातांनी घ्या.

भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस यांचं स्मारक मी दर वेळी जाता येता पाहते. आपला माणूस 1938 साली परक्यांची शुश्रूषा करायला चीनला गेला आणि तिथंच वारला, त्याचा या गावाला केवढा अभिमान आहे. तिकडून कुणी आपल्यासाठी आलं, आयुष्यभर येत राहिलं, तर त्याचीही आठवण आपण तितक्याच मायेनं ठेवावी. अभ्यासक गेल ऑम्वेट मिनेसोटातूनच आल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सूनबाई होऊन राहिल्या, म्हणून त्या आपल्याला घरच्या वाटतात. वसंत मून यांच्या 'वस्ती'चं इंग्रजी भाषांतर त्यांनीच केलं आणि त्याला प्रस्तावना लिहिली झेलियटबाईंनी. झेलियटबाई येऊन जाऊन होत्या, म्हणून बहुधा विसरल्या जातात.

आता विनंती. 7 ऑक्टोबर हा बुधवार आहे. त्या आठवड्यात आपल्या दैनिकानं शहरात एक टेबल मांडावं. हिराचंद नेमचंद वाचनालयात जागा मिळाली तर उत्तमच, नाहीतर बुधवार पेठेतल्या विहारात. पुतळा नको, हारतुरे नकोत, भाषण अगदीच हवं असेल तर एक. लोकांनी घरातले जुने कागद, वह्या, फोटो, पावत्या आणाव्यात. विद्यापीठातल्या इतिहासाच्या मुलांनी तिथंच मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढावेत, मागे कुणाचं, कुठलं, कसं मिळालं ते लिहून घ्यावं, आणि मूळ कागद त्याच दिवशी ज्याचा त्याला परत द्यावा. परत देण्यावर माझा जोर आहे. 'अभ्यासाला नेतो' म्हणून नेलेले आणि कधीच न आलेले कागद आमच्या वस्तीत घराघरात आहेत, त्यामुळे लोक आता पेटी उघडायला कचरतात. ज्यांना येता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांकडे दोघा दोघांनी जावं, एकीनं विचारावं, एकीनं लिहावं. आजी बोलत असतील तर नातवानं मध्ये "अगं तसं नाही" म्हणू नये.

नोंदी कशा करायच्या, क्रमांक कसे टाकायचे, कागदाला टाचणी न लावता ठेवायचा कसा, हे मी मुलांना शिकवीन. गुडघे दुखतात, पण खुर्ची असली तर दिवसभर बसू शकते. टेबलावरचा पहिला कागद माझा असेल, तो गुलाबी. सोबत न टाकलेलं पत्रही आणते, त्याचाही फोटो काढा. कागद मात्र मला संध्याकाळपर्यंत परत हवा, चौकट पुन्हा सैल झाली आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी
बुधवार पेठ, सोलापूर